थ्रॉटल बॉडी सफाई: केबलवाली आटोपली, काकांची अजून शिकतेय

माझ्या जुन्या गाडीची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून झाली. शेजारच्या काकांच्या गाडीचीही साफ झाली, फक्त तिचं आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) अजून जागेवर यायचंय.

आधी माझी. कंपनीचं सीएनजी किट असलेली जुनी हॅचबॅक, अॅक्सिलरेटर केबलचा. फिरणं बहुतेक बडोद्यातच, दांडिया बाजार ते अलकापुरी. तक्रार अशी की काळाघोड्याच्या सिग्नलला एसी चालू असला की आरपीएम एकदम खाली बसायचा, स्टिअरिंग थरथरायचं आणि मग गाडी सावरायची. प्लग नवे, एअर फिल्टर नवा, व्हॅक्यूमच्या नळ्या धड. तेव्हा थ्रॉटलकडे वळलो.

"सीएनजीवर चालते ना, मग काजळी कुठून?" हे इथे हमखास विचारतात. ही काजळी मुळात इंधनाची नसतेच, बरीचशी इंजिन ऑइलची असते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, झिरपतो, ऑइलची वाफ सोबत घेतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, येतो. ही वाफ उघड्यावर सोडायची नाही, हा नियम अमेरिकेत १९६० च्या दशकातला. आता बहुतेक गाड्यांची इंजिनं ती स्वतःच गिळतात. जोराने गाडी दामटली की थोडी वाफ ब्रीदरच्या (क्रँककेसला ताजी हवा देणाऱ्या) नळीतून उलटी, थ्रॉटलच्या पुढच्या बाजूलाही येते. त्यात फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ मिसळली की झाला चिकटा. इंधन पेट्रोल असो की गॅस, ऑइल तेच.

एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप काढला तेव्हा समोरून बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारी गोल पाती, बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होती. मजा मागे असते. लिंकेज हाताने फिरवून पाती उघडली, टॉर्च मारला, तर पातीच्या मागच्या कडेला आणि ती बोअरला (भोवतीच्या गोल भिंतीला) जिथे टेकते नेमक्या त्या रेषेवर काळं, तुकतुकीत, नखाने खरवडलं तर वडीसारखं निघणारं किटण. बाकी बोअर नुसती तपकिरी. आयडलला पाती जवळजवळ बंद असते आणि इंजिन त्या केसाएवढ्या फटीतून आणि आयडल व्हॉल्व्हच्या (पातीला वळसा घालून हवा देणाऱ्या झडपेच्या) वाटेने श्वास घेतं. त्यामुळे सगळा प्रश्न त्या एका रेषेचा. बाकीचा तपकिरी रंग राहिला तरी काही बिघडत नाही.

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. थ्रॉटल क्लीनर थेट आत न मारता फडक्यावर घेतला, कडेला मऊ टूथब्रश. थेट फवारा मारला की द्राव शाफ्टच्या बाजूने थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडे उतरू शकतो. बॉडी गाडीवरच ठेवली, कारण माझ्या गाडीत तिला कूलंटच्या नळ्या जोडलेल्या आहेत आणि त्या सोडवायचा व्याप नको होता. आयडल व्हॉल्व्ह मात्र वेगळा काढून त्याचं टोक पुसलं. पातीच्या स्टॉपचा छोटा स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, त्याला हात लावला नाही. आयडल वाढवायला तोच पिळणारे मिस्त्री पाहिले आहेत. पुढे सेन्सरचं गणितच चुकतं.

काकांची गाडी बीएस-६ मधली, केबलच नाही. पाती मोटर फिरवते, आत दातेरी चाकं. ही पाती बोटाने जोरात ढकलायची नाही. इग्निशन चालू असेल तर बोट अडकायची भीती, बंद असली तरी जोर लावून चाकांना इजा. त्यामुळे बॉडी काढून, पाती अगदी हलकेच कलती करून पुसली. काका बाजूला खुर्ची टाकून बसलेले.

"अरे, उघडलीच आहेस तर आतून चकाचक कर ना."

"नाही हो काका. तो करडा पट्टा दिसतोय ना, तो मळ नाहीये. कंपनीने लावलेला लेप आहे, पाती नीट टेकावी म्हणून. तो निघाला तर आयडल कायमचं बिघडेल."

काकांना पटलं असं वाटलं नाही, पण गप्प बसले.

साफ केल्यावर आयडल वर जातं, त्याने घाबरू नका. मळलेल्या फटीतून पुरेशी हवा मिळावी म्हणून ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) पाती, किंवा केबलवाल्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह, जरा जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. मळ गेला तरी सवय राहते. माझी गाडी बॅटरी जोडल्यावर पेट्रोलवर आयडल सोडली, मग एसी लावून, मग शहरात फिरवली आणि नंतरच गॅसवर टाकली. आता सिग्नलला एसी लागला तरी सुई ७५० च्या आसपास टिकते. मायलेजमध्ये फरक काही दिसला नाही. या सफाईने मायलेज वाढतं असं सांगणाऱ्यांवर माझा तसाही विश्वास नव्हता.

काकांच्या गाडीला ब्लूटूथ ओबीडी (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून बघितलं. आयडलला थ्रॉटलचा आकडा आधी १८ टक्के होता, आता १५. म्हणजे पाती आधीपेक्षा कमी उघडूनही हवा पुरतेय. आरपीएम मात्र अजून ९०० वर रेंगाळतोय. या मॉडेलला स्कॅनरने अॅडॅप्टेशन करावं लागेल, म्हणजे साफ पातीची जागा ईसीयूला नव्याने शिकवावी लागेल, असं दिसतंय. स्कॅनर असलेला एक मित्र रविवारी येतोय.

दरम्यान माझ्या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतली गोळी खडखडायला हवी. ही चिकटून बसलेली. एवढं किटण का साठलं त्याचा धागा इथे लागतोय. नवा व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी सांगून ठेवली आहे. बसवल्यावर थोड्या महिन्यांनी पाइप काढून तीच रेषा पुन्हा बघेन आणि फोटो टाकेन.