जुन्या दाढीच्या साबणाला पुन्हा फेस आणताना

पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार असो की मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट, दाढीच्या सामानाचा डबा समोर आला की हात आधी रेझरकडे जातो. त्याच डब्यात तळाशी भेगाळलेली साबणाची वडी किंवा अर्धी झिजलेली कांडी पडलेली असते आणि बहुतेक जण ती टाकून देतात. माझ्या मते त्या डब्यातली खरी कमाई तीच असते. चांगला बनवलेला दाढीचा साबण चाळीस-पन्नास वर्षांनीही उत्तम फेस देतो. तो आणायचा कसा, तेवढं कळायला हवं.

आंघोळीचा साबण मुख्यतः सोडा वापरून करतात. दाढीच्या साबणात सोडा आणि पोटॅश (पोटॅशियमचा अल्क) दोन्ही असतात, शिवाय स्टिअरिक आम्ल भरपूर. पोटॅशमुळे साबण लवकर विरघळतो, स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो आणि चेहऱ्यावर टिकतो. जुन्या इंग्लिश-अमेरिकी साबणांत हे आम्ल बहुधा जनावराच्या चरबीतून येई. वेष्टनावर टॅलो किंवा सोडियम टॅलोवेट लिहिलेलं असेल तर चरबी आहे असं समजावं. शाकाहारी मंडळींनी ते आधीच बघून घ्यावं. आपल्याकडे १९१८ च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनी चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढला होता, त्यामुळे देशी जुन्या साबणांत चरबीविना पर्याय सापडू शकतात.

वडी हातात आली की आधी वास घ्या. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास सगळ्यात आधी उडून जातात. चंदन, लव्हेंडर, मसाल्याचे वास मागे राहतात. वास फिका झाला म्हणजे साबण खराब झाला असं नाही. खवट तेलाचा वास आणि वडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके असतील तर मात्र चरबी खवट झालीय. ठिपके वरवरचे असतील तर पातळ सुरीने वरचा एक-दोन मिलिमीटरचा थर तासून टाका, आतला पांढरा साबण बहुतेक वेळा शाबूत निघतो. ठिपके आतपर्यंत गेले असतील तर ती वडी संग्रहात ठेवा, चेहऱ्याला लावू नका.

वडी सुकून आक्रसली असेल आणि लाकडी वाटीत खडखडत असेल, तर बरेच जण ती वितळवायला जातात. ते करू नका. उष्णतेने उरलासुरला वास जातो, साबण फुगतो आणि त्यात हवेची भोकं राहतात. त्यापेक्षा वडी बारीक किसणीवर किसा. १०० ग्रॅम किसाला १०-१२ मिलिलिटर कोमट पाणी लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. चमच्या-चमच्याने शिंपडा आणि कणकेसारखा गोळा होईपर्यंत मळा. मग रुंद तोंडाच्या वाटीत अंगठ्याने दाबत, हवा राहू न देता भरा आणि झाकण न लावता दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. पाणी जास्त झालं तर वरून सुकून आतून चिकट राहतो. त्यावर उपाय एकच, आणखी चार दिवस थांबायचं.

आता फेस. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून पाच मिनिटं ठेवा. जुन्या साबणाचा वरचा थर हाडासारखा कडक झालेला असतो, तो मऊ झाल्याशिवाय ब्रशला काही लागत नाही. पाच मिनिटांनी ते पाणी गालावर चोळून टाका, त्यातही साबण उतरलेला असतो. ब्रश भिजवून चांगला झटका, टपकणं थांबलं पाहिजे. मग ३०-४० सेकंद वडीवर हलक्या हाताने गोल फिरवा. ब्रशच्या टोकांवर दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट लेप दिसला म्हणजे साबण पुरेसा घेतलाय. मोठे बुडबुडे दिसत असतील तर ब्रशमध्ये पाणी जास्त आहे.

लेप चेहऱ्यावर किंवा वाटीत घेऊन अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत फेटा. पाणी कमी असेल तर फेस कोरडा, मंद दिसतो आणि पातं ओढतं. जास्त झालं तर फेस पातळ होऊन गालावरून ओघळतो. नेमका झालेला फेस ओल्या रंगासारखा चमकतो, आणि ब्रश वर उचलला की त्याचं टोक उभं राहून जरासं वाकतं. कांडी असेल तर काम सोपं. ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने चार-पाचदा घासा आणि ओला ब्रश थेट चेहऱ्यावर फिरवा.

इतकं करूनही फेस मिनिटभरात बसत असेल तर दोष बहुतेक वेळा साबणाचा नसतो, पाण्याचा असतो. बोअरचं जड पाणी असलेल्या गावांत हे हमखास होतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरा चोथा तयार करतं, आणि जुना स्टिअरिकवाला साबण त्याला लवकर बळी पडतो. खात्री करायची तर दोन छोट्या बाटल्यांत साबणाचा एकेक तुकडा टाका, एकीत नळाचं आणि दुसरीत आरओचं पाणी घालून सारखीच हलवा. फरक लगेच दिसतो. तसं निघालं तर फेसासाठी आरओचं पाणी घ्या. दाढीला ते लागतं किती, तर ब्रश भिजवण्यासकट जेमतेम कपभर. तोंड नळाच्या पाण्याने धुवायला हरकत नाही.

रेझरबद्दल पहिली गोष्ट म्हणजे चकाकीवर जाऊ नका. १९०४ मध्ये दुधारी रेझर काढणाऱ्या अमेरिकेच्या किंग जिलेटला पेटंट मिळालं, त्या काळातल्या दुधारी रेझरमध्येही आज किराणा दुकानात मिळणारं ब्लेड बसतं. म्हणून पहिल्या खरेदीला दुधारीच घ्या. जेम, एव्हर-रेडी यांसारख्या एकधारी रेझरना किंवा शिकच्या इंजेक्टरला वेगळी पाती लागतात आणि ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत.

नवख्यासाठी १९३८ मध्ये आलेला तीन तुकड्यांचा जिलेट टेक मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं नाही. विकत घेताना दांड्याचे आटे फिरवून पाहा, मधेच घसरत असतील तर सोडून द्या. पोकळ दांड्यावर उभी बारीक भेग आहे का ते उजेडात धरून बघा. दांडा पातळ पितळेचा असतो आणि जोर लावून आवळत राहिल्याने फाटतो. मग ब्लेड लावा, आवळा आणि रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा. दोन्ही बाजूंना ब्लेडची कड सारखीच बाहेर दिसली पाहिजे. थोडा फरक असेल तर अर्धा वळसा सैल करून ब्लेड सरकवा आणि परत आवळा. तरीही फरक राहिला तर खालची पट्टी वाकलेली आहे. असा रेझर एका बाजूने कापतो आणि दुसऱ्या बाजूने नुसता घासतो.

मूठ फिरवली की दोन दारं उघडणाऱ्या रेझरमध्ये, म्हणजे जिलेटचाच १९४७ चा सुपर स्पीड किंवा पुढचे नऊ आकड्यांचे अॅडजस्टेबल (आकडा फिरवून पातं सौम्य किंवा कडक लावता येणारे), दारं दोन्हीकडे सारखी मिटतात का ते बघायचं. वळसा अडत असेल तर घाबरू नका, आत वर्षानुवर्षांचा साबण साठलेला असतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकून अर्धा तास ठेवा, दारं उघडझाप करत राहा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन पुसा आणि मुठीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. अॅडजस्टेबलचा आकडा बदलण्याआधी मूठ अर्धा वळसा सैल करावी, आवळलेल्या अवस्थेत ओढाताण केली तर आतले भाग झिजतात. अमेरिकेत बनलेल्या जिलेटवर १९५१ पासून एक अक्षर आणि एक आकडा असतो. ए म्हणजे १९५५, बी म्हणजे १९५६, आणि आकडा तिमाहीचा. ए-२ म्हणजे १९५५ ची दुसरी तिमाही.

सोनेरी रेझर पितांबरीने घासू नका, धातूच्या पॉलिशनेही नाही. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दोन घासण्यांत पितळ उघडं पडतं. चुन्याचे डाग काढायला व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून निकेलचा रेझर पाचच मिनिटं ठेवा. त्यापुढे, विशेषतः पितळ उघडं असेल तिथे, पृष्ठभाग तांबूस पडतो. साफ झालेला रेझर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच वापरा, रंगवलेले किंवा लाखेचे भाग सोडून. जुन्या पाकिटातली कार्बन पोलादाची पाती संग्रहातच राहू द्या. पूर्वी पातं काचेच्या पेल्यात घासून धार काढत ते याच पोलादाचं. आजच्या स्टेनलेस पात्याच्या धारेवर लेप असतो, ते घासलं तर लेपच जातो.

जुन्या ब्रशच्या बाबतीत मी कडक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. त्यामुळे पुढे काही ब्रशवर ‘स्टरिलाइज्ड’ असा शिक्का मारू लागले. या रोगाचे बीजाणू अनेक दशकं तग धरतात आणि घरगुती धुण्याने मरतात याची खात्री देता येत नाही. त्या काळातला ब्रश कपाटात, बंद पिशवीत ठेवा. ब्रश कुठल्या काळातला हे कळत नसेल तर तोही तिथेच. दांडा आवडलाच तर नंतरच्या काळातला, डुकराच्या किंवा बॅजरच्या केसांचा ब्रश बघून घ्या. त्याचे केस काढून भोक मोजा आणि त्या मापाचा, साधारण २० ते २४ मिलिमीटरचा नवा सिंथेटिक झुपका इपॉक्सीने बसवा.

ठेवणीत एक गोष्ट बरेच जण विसरतात. सेल्युलॉइडचे दांडे आणि डब्या जुन्या झाल्या की आम्लाची वाफ सोडतात, आणि शेजारचं पोलाद गंजतं. हातात घेतल्यावर कापराचा वास आला किंवा पृष्ठभाग घामेजल्यासारखा वाटला तर ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी, हवेशीर आणि दिव्या-शेगडीपासून लांब ठेवा, कारण सेल्युलॉइड पटकन पेटतं. साबण बटर पेपरमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. त्याच कप्प्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, साबण तो वास महिनाभरात शोषून घेतो आणि मग तो निघत नाही.