तुम्ही विचारलंत म्हणून : फिनी काउंटीत माणसं राहतात तरी कशाला?

"तिकडे काहीच नाही म्हणे, मग राहता कशाला?" न्यू जर्सीतली माणसं विचारतात, पुण्याची विचारतात, आणि उपग्रहाचा नकाशा उघडून ते हिरवे गोल पाहिले की जरा जास्तच विचारतात. मागोमाग ठरलेले जोडप्रश्न येतात. पाऊस नाही तर मका कसा पिकतो? एवढ्या जागेत एवढीशीच माणसं? आणि त्यातली निम्मी मेक्सिकन कशी? सांगून सांगून जीभ झिजली, म्हणून आता एकदाच लिहिते. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आधी 'काहीच नाही'चा हिशेब. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या नैर्ऋत्य भागातली ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, सुमारे १,३०० चौरस मैलांची, म्हणजे ३,३७० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते, तिच्या पाचपटीहून जास्त. २०२०च्या जनगणनेत माणसं ३८,४७०. चौरस किलोमीटरला अकरा. महाराष्ट्रात सगळ्यात विरळ गडचिरोली, तिथे २०११ मध्ये ७४ होती. हा आकडा ऐकला की तुम्ही मैल मैल अंतरावर एकेक घर डोळ्यांसमोर आणता. तसं नाही. २८,१५१ माणसं एकट्या गार्डन सिटीत, २,२४५ शेजारच्या होलकममध्ये, आणि उरलेल्या आठ हजारांतलीही बरीच शहराच्या हद्दीला चिकटलेल्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या तयार घरांच्या, वस्त्यांमध्ये. म्हणजे आहे ते एक बऱ्यापैकी गजबजलेलं गाव आणि त्याच्याभोवती प्रचंड मोठं शेत. सरासरी काढली की गावही दिसत नाही आणि शेतही दिसत नाही.

नकाशात काउंटीच्या ईशान्येला एक चौकोनी तुकडा शिंगासारखा बाहेर आलेला दिसतो. ती पूर्वीची गारफिल्ड काउंटी, १८८७ ची. रावाना आणि एमिनन्स ही दोन गावं मुख्यालयासाठी कोर्टात भांडली. त्या भांडणात कुणीतरी काउंटीचं क्षेत्रफळच मोजायला लावलं, आणि कायद्याने किमान ४३२ चौरस मैल हवेत तर भरले जेमतेम ४३०. १८९३ मध्ये काउंटीच रद्द झाली आणि तुकडा फिनीला जोडला गेला. दोन्ही गावं आज उजाड आहेत. याचा पुढच्या गोष्टीशी फारसा संबंध नाही, पण त्या शिंगाबद्दलही तुम्ही विचारताच.

आता पाऊस. वर्षाला सरासरी १९ इंच, म्हणजे ४८० मिलिमीटरच्या आसपास. आटपाडी-सांगोल्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हा आकडा नवा नाही. कारणही ओळखीचं: सह्याद्रीमागे माणदेश, तसा रॉकी पर्वतामागे हा प्रदेश. फरक असा की इथे मान्सून नाही. बहुतेक पाऊस एप्रिल ते सप्टेंबरात वळवासारखा गडगडत येतो, सोबत गारा. एका शेतात दीड इंच पडतो आणि शेजारच्या शेतात धूळ उडत असते. वर वारा असा की उघड्या तळ्यातून वर्षाला पावसाच्या तिपटीच्या घरात पाणी उडून जातं. निव्वळ पावसावर गहू घ्यायचा तर एक वर्ष पीक, एक वर्ष रान पडीक ठेवून ओल साठवायची. जमलं तर तीन वर्षांत दोन पिकं, एक गहू आणि एक ज्वारी.

आर्कान्सा नदी काउंटीतून वाहते, असं नकाशा म्हणतो. गार्डन सिटीजवळ तिचं पात्र बहुतेक काळ कोरडं वाळवंट असतं आणि पोरं त्यात चारचाकी गाड्या उडवतात. वरच्या अंगाला कोलोरॅडोने पाणी वळवलं, बोअर मारले. कॅन्ससने १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला, दहा वर्षांनी मुख्य मुद्द्यावर जिंकला, आणि पुढे भरपाईचे सुमारे ३.४ कोटी डॉलरही मिळाले. पात्रात मात्र पाणी आलं नाही. नदीच्या उत्तरेला भारी पोयट्याची सपाट जमीन, दक्षिणेला वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूच्या टेकड्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मका येतो तो जमिनीखालच्या पाण्यावर. ओगलाला नावाचा वाळू-गोट्यांचा जाड थर खाली पसरला आहे. आपल्याकडे काळ्या खडकाच्या भेगेत बोअर लागला तर लागला, नाही तर पैसे गेले. इथे भिजलेल्या वाळूत कुठेही पाइप घातला तरी पाणी होतं. 'होतं' हे मुद्दाम लिहिलं. वर्षाला नवीन पाणी मुरतं ते बहुतेक ठिकाणी एका इंचाहूनही कमी, आणि उपसा कित्येक पट. काही भागांत पातळी शंभर फुटांहून अधिक खाली गेली आहे.

ते हिरवे गोल म्हणजे सेंटर पिव्हट. १६० एकरांचा चौकोन, मधोमध विहीर आणि चाकांच्या सात मनोऱ्यांवर उभा सुमारे १,३०० फुटांचा पाइप, जो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. भिजतात १२५ एकर, कोपरे कोरडे. सात सारखे स्पॅन, म्हणजे मनोऱ्या-मनोऱ्यांमधले पाइपचे तुकडे, धरले तर शेवटचा स्पॅन पहिल्याच्या तेरापट जमीन भिजवतो. म्हणून आतली नोझलं बारीक, बाहेरची मोठी, आणि प्रत्येकाचं भोक विहिरीच्या पाण्याप्रमाणे ठरवलेलं. विहीर घटली आणि नोझलं जुनीच ठेवली, तर दाब आधी टोकाला पडतो. मका आधी बाहेरच्या कड्यात करपतो आणि सगळ्यात जास्त जमीन नेमकी तिथेच असते.

१२५ एकरांवर एक इंच पाणी म्हणजे सव्वा कोटी लिटरहून थोडं जास्त. विहीर मिनिटाला ८०० गॅलन, म्हणजे तीन हजार लिटर देत असेल, तर हे काम तीन दिवसांचं. ४०० वर आली की सहा दिवस. जुलैत मक्याला दिवसाला ०.३ इंच लागतं. सहा दिवसांत मका पितो १.८ इंच आणि मिळतो एक. उरलेलं जमिनीतून येतं. उत्तरेचा पोयटा फुटाला दोन इंच ओल धरतो, मुळं पाच फूट गेली तर दहा इंच शिल्लक असते, त्यावर पावसाळी ढग येईपर्यंत पीक तग धरतं. दक्षिणेच्या वाळूत ही शिल्लक निम्म्याहून कमी. त्यामुळे तीच ४०० ची विहीर उत्तरेला चालते आणि दक्षिणेला आठवड्यात हात वर करते. ऑगस्ट संपता संपता विहिरीतली पातळी पंपाच्या बाउलपर्यंत, म्हणजे पाणी ओढणाऱ्या खालच्या भागापर्यंत, उतरते, पंप हवा ओढतो, पाणी उसळत तुटक यायला लागतं. पाइप वाढवून बाउल खाली सोडता येतात, पण खडकाला टेकले की उपाय संपले. मग अर्ध्या गोलात मका, अर्ध्यात गहू. गव्हाला पाणी एप्रिल-मेमध्ये, मक्याला जुलैत. एकच विहीर दोघांना पाळीपाळीने पुरते.

इथे तुम्ही म्हणता, म्हणजे माणसं पाण्यामुळे राहतात. मीही पूर्वी असंच सांगत असे आणि सुटसुटीत उत्तर म्हणून लोकांना ते आवडायचंही. पण शेजारच्या काउंट्या बघा. लेनमध्ये १,५७४ माणसं, हॉजमनमध्ये १,७२३. पिव्हट तिथेही फिरतात. १२५ एकरांच्या गोलाला जेमतेम एक माणूस लागतो, तोही फोनवरून यंत्र चालू-बंद करणारा. नुसत्या सिंचनाने इथे गाव भरत नाही. जमिनी मोठ्या होतात, घरं मोडतात.

फिनीत माणसं आली ती बीफ प्लँटमुळे, म्हणजे गोमांसाच्या कारखान्यांमुळे. डिसेंबर १९८० मध्ये होलकमला आयबीपी या मांस कंपनीचा प्लँट सुरू झाला, तेव्हाच्या जगातला सगळ्यात मोठा म्हणत. पाठोपाठ गार्डन सिटीत दुसरा. मका इथे, मक्यावर पोसलेली जनावरं इथल्या फीडयार्डांत, म्हणजे जनावरं पुष्ट करायच्या मोठ्या आवारांत, मग जिवंत जनावर हजार मैल पाठवण्याऐवजी इथेच कापून खोक्यात भरलेलं मांस पाठवणं स्वस्त. १९८० मध्ये काउंटीत २३,८२५ माणसं होती, १९९० मध्ये ३३,०७०, २००० मध्ये ४०,५२३. सुरी धरून तासन्‌तास एकच काप मारायचं काम करायला स्थानिक पुरे पडले नाहीत. व्हिएतनाम-लाओसचे निर्वासित आले, मेक्सिको-ग्वाटेमालाहून कुटुंबं आली, नंतर सोमाली आणि बर्मी. मेक्सिकन मात्र 'आता आले' नाहीत. १९०६ मध्ये इथे बीटाचा साखर कारखाना निघाला तेव्हापासून बीटाच्या रानात आणि सांताफे रेल्वेच्या रुळांवर राबणारी त्यांची घरं इथे आहेत. हे सांगितलं की "पण मग भांडणं होत नाहीत?" असं येतंच. २०१६ मध्ये सोमाली लोक राहतात ती इमारत बॉम्बने उडवायचा कट करणारे तिघे पकडले गेले, आणि २०१९ मध्ये त्यांना २५ ते ३० वर्षांच्या शिक्षा झाल्या. एरवी शाळा, चर्च, मशीद, किराणा असं चाललेलं असतं. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एकच ऐकून घ्यायचं असेल तर मला विचारू नका.

आता ज्या रात्रीबद्दल कुणीच विचारत नाही, तिच्याबद्दल. २५ डिसेंबर २०००, नाताळची रात्र. गार्डन सिटीतल्या त्या दुसऱ्या प्लँटला, तेव्हा तो कॉनअग्रा कंपनीचा होता, आग लागली. सुट्टी असल्याने आत उत्पादन बंद होतं. सकाळी २,३०० लोकांची नोकरी उरली नव्हती. चाळीस हजारांच्या काउंटीत २,३०० म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. नवरा-बायको दोघं त्याच प्लँटमध्ये, वेगवेगळ्या पाळ्यांत, अशी घरं थोडीथोडकी नसतात, म्हणजे अख्ख्या घराचा पगार एका रात्रीत बंद. काहींना होलकममध्ये जागा मिळाली. काही पन्नास मैलांवरच्या डॉज सिटीला जाऊ लागले, काही आणखी लांब लिबरलला. तिथेही असेच प्लँट आहेत. रोज शंभर मैल येऊन-जाऊन करणारा माणूस वर्षभरात तिकडेच ट्रेलर भाड्याने घेतो, आणि त्याच्याबरोबर शाळेतली मुलं जातात, मुलांबरोबर शाळेचं अनुदान, मग शिक्षकाची जागा, मग कोपऱ्यावरचं दुकान.

'प्लँट पुन्हा बांधू' ही चर्चा कित्येक वर्षं चालली. बांधला नाही. जनावरांचा पुरवठा घटत होता, त्यात डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात वेड्या गाईचा रोग सापडला आणि जपान-कोरियाने अमेरिकन मांस बंद केलं. अशा वेळी नव्या प्लँटमध्ये कोण पैसे घालणार, असं माझं मत. दुसरं मत असणारेही गावात पुष्कळ आहेत.

जनगणनेचा आकडा वाचताना ही रात्र मधे धरा. अमेरिकेत शिरगणती १ एप्रिलच्या तारखेची असते. म्हणजे ४०,५२३ ही मोजणी आगीच्या जवळपास नऊ महिने आधीची, प्लँट भरात असतानाची. पुढची २०१० ची, ३६,७७६. मधली दहा वर्षं कागदावर दिसत नाहीत, म्हणून बाहेरचा माणूस म्हणतो, "दुष्काळी भाग, माणसं हळूहळू पाण्याअभावी गेली." हळूहळू नाही आणि पाण्याअभावीही नाही. सगळीच घट आगीने झाली असंही मी म्हणणार नाही. ट्रेलरमध्ये दोन-तीन कुटुंबं दाटीने राहतात आणि दारावर सरकारी माणूस आला की एकाचंच नाव सांगतात. तिथे मोजणी काठाकाठानेच होते.

होलकमचा प्लँटही ९ ऑगस्ट २०१९ ला पेटला. तोवर तो टायसन कंपनीकडे होता, ३,८०० कामगार, देशात कापल्या जाणाऱ्या जनावरांपैकी सुमारे सहा टक्के तिथे. जनावरांचा भाव पडला, मांसाचा चढला. पण पूर्णवेळ कामगारांना आठवड्याचा चाळीस तासांचा पगार चालू ठेवला गेला, दुरुस्ती लगेच सुरू झाली आणि डिसेंबरात सुऱ्या पुन्हा चालू लागल्या. माणसं हलली नाहीत. २०२० ला मोजणीत ३८,४७० भरली.

मग पाणी संपलं तर? या प्रश्नावर मला खरंच राग येतो, कारण विचारणाऱ्याला 'सगळं ओसाड होईल' एवढंच ऐकायचं असतं. उपशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी शेतीत जातं. गाव आणि प्लँट मिळून पितात ते त्यामानाने किरकोळ. मका रेल्वेने आयोवा-नेब्रास्काहून आणता येतो, आजही येतो. तेव्हा मक्याचे गोल थांबले तरी प्लँट चालेल, असं म्हणता येतं. पण जनावराला नुसता दाणा चालत नाही, चारा लागतो, आणि मक्याच्या मुरघासात दोन तृतीयांश पाणीच असतं. असा माल लांबून ट्रकने आणणं परवडत नाही. शिवाय २०१७ मध्ये इथे दूध पावडरचा मोठा कारखाना आला आहे, आणि दुभत्या गाईला मुरघास आणखी जास्त लागतो. मुरघासाचा गोल जवळच हवा, म्हणजे विहीर जवळच हवी. फीडयार्ड उठून गेलं तर प्लँट इथे का टिकून राहील, हे मला पटवून देता येत नाही. ते उठून जाईलच, हेही नाही.

उत्तरेकडच्या काउंट्यांनी आपणहून उपसा कमी करायचे नियम लावून घेतले: विचिटा काउंटीने २०२१ मध्ये, लेन-स्कॉट-ग्रीलीसह चौघांनी मिळून २०२३ मध्ये. आमच्या भागाच्या भूजल मंडळाचं कार्यालय गार्डन सिटीतच आहे, आणि इकडे शेतकऱ्यांचं म्हणणं पडतं की ज्याचा पाणीहक्क जुना त्याचा आधी, १९४५ च्या कायद्यात तसं लिहिलंय, मग जुन्याने नव्याइतकंच का सोडावं? कायद्याने बघाल तर मुद्दा बिनतोड आहे. विहिरीत बघाल तर जुन्याची आणि नव्याची पातळी एकदमच खाली जाते. २०२३ च्या राज्य कायद्याने सगळ्या मंडळांना कुठे किती घट आहे आणि ती कशी रोखणार याचा आराखडा १ जुलै २०२६ पर्यंत द्यायला सांगितलं. तेव्हा पुढच्या वेळी विचारायचंच असेल, तर त्या आराखड्यात आमचा गोल कुठे बसतो ते विचारा.