तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सुधारतात का हो ती मुलं?’

दर शनिवारी मी निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथे, स्वयंसेवक म्हणून त्यांच्यासोबत बसायला जाते. चार माणसं जमली आणि हे कुणाला कळलं, की दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, ‘सुधारतात का हो ती मुलं?’ विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. ‘नाही’ म्हटलं तर त्याला बरं वाटतं, ‘हो’ म्हटलं तर मी भाबडी ठरते. इतकी वर्षं मी हसून विषय बदलत आले. आता एकदाचं सांगून टाकते.

मला माहीत नाही.

ही टाळाटाळ नाही. मुलगा सुटला की त्याचा माझा संबंध संपतो. फोन नंबर द्यायचा नाही, घरी जायचं नाही, चौकशी करायची नाही, असा नियम आहे आणि मला तो पटतो. बाहेर पडलेल्याच्या दारात त्या दिवसांची आठवण बनून कशाला उभं राहायचं? पण त्याचा परिणाम असा, की जे परत येतात तेवढेच मला दिसतात. माझ्या डोळ्यांवर विसंबलात, तर सगळेच परत येतात.

मग तुम्ही म्हणता, अभ्यास झाले असतील की! झालेत. त्यातला एक मला सुखाने झोपू देत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतले 506 मुलगे, ते गुन्ह्यांकडे वळू नयेत म्हणून, निवडले. निम्म्यांना 1939 पासून एकेक समुपदेशक दिला. तो घरी जायचा, अभ्यासात मदत मिळवून द्यायचा, डॉक्टरची सोय बघायचा. सरासरी पाच वर्षं हे चाललं. उरलेल्या निम्म्यांना यातलं काही नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांना, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, हुडकून काढलं. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक म्हणाले, फायदा झाला. नोंदी उलटं सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारू, अकाली मरण, यांत मदत मिळालेलेच जास्त होते. 1978 मध्ये त्यांनी हे छापलं.

मी हे वाचलं तेव्हा मला हे काम करून वर्ष झालं होतं. ते समुपदेशक पगारी होते, मी स्वखुशीने जाते, अशी स्वतःची समजूत घातली. किती पोकळ समजूत होती! मदतीने नुकसान कसं होईल, हे मात्र काही केल्या कळत नव्हतं. ते मला एका मुलाने शिकवलं.

सोळाला दोन महिने कमी होते त्याला. एका म्हाताऱ्या माणसाला ढकलून पिशवी पळवली होती, त्यात त्या माणसाचा हात मोडला. निरीक्षणगृहात आम्ही पत्ते खेळायचो. तो चिडका होता, पत्ते लपवायचा आणि पकडला गेला की मलाच खोटारडी म्हणायचा. एकदा डाव वाटता वाटता म्हणाला, ‘ताई, त्या बाबांचा हात बरा झाला का?’ मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, ‘बरा झाला असेल तर मला लवकर सोडतील ना?’ यातला कुठला प्रश्न खरा होता ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

बाल न्याय मंडळासमोरच्या सुनावणीच्या चार दिवस आधी त्याची आई प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे मुलाची चौकशी करून मंडळाला कळवणाऱ्यांच्या, अहवालाची प्रत देऊन गेली. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं ओळखायचा, पण वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात हरवायची. माझ्यासमोर कागद सरकवून म्हणाला, ‘सगळं वाचा.’ नखं पार मुळापर्यंत कुरतडलेली. तसलं एक बोट ओळीखाली धरून, मी वाचेन तसतसं पुढे सरकवत होता. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘केलेल्या कृत्याबद्दल बालकास पश्चात्ताप असल्याचे दिसून येत नाही. चौकशीदरम्यान तो हसत होता.’

मी ते गाळलं. आवाज न बदलता पुढच्या ओळीवर गेले. त्याचं बोट त्या दोन वाक्यांखालून सरकलं आणि त्याला कळलंसुद्धा नाही. वाटलं, आधीच घाबरलाय, चार रात्री तरी नीट झोपू दे.

सुनावणीत मी मागच्या खुर्चीवर होते. ती वाक्यं तिथे मोठ्याने वाचली गेली आणि त्याला विचारलं, यावर काही सांगायचं आहे का? त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिलं नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुढे बघून म्हणाला, ‘नाही.’

त्याला सांगण्यासारखं होतं. घाबरला की तो हसायचा. मी ते पाहिलेलं होतं. आई रडायला लागली की याच्या तोंडावर ते वेडंवाकडं हसू यायचं, मग स्वतःच तोंडावर हात दाबायचा. चार दिवस मिळाले असते तर त्याने दोन वाक्यं जुळवली असती, वकिलांना सांगितलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं बारावं कलम मी नव्या स्वयंसेवकांना समजावून सांगते: मुलाबद्दल निर्णय होत असताना त्याला त्याचं म्हणणं मांडता आलं पाहिजे. ते त्याच्याकडून कुणा दुष्टाने नाही, मी काढून घेतलं.

तो आणखी आठ आठवडे आत राहिला. त्या वाक्यामुळेच, असं म्हणत नाही. आधीचीही एक तक्रार होती. पण नाहीच, असंही म्हणवत नाही.

पुढच्या शनिवारी तो आला, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला. मी माफी मागितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला वाचता येत नाही, ताई. ऐकता येतं.’ पत्त्यांना हात लावला नाही. त्यानंतर सुटेपर्यंत तो भेटायला आला नाही.

‘ज्याचा हात मोडला त्याच्याकडे कधी गेलीस का?’ हाही तुमचा आवडता प्रश्न. नाही गेले. त्यांच्यासोबत बसणारं कुणी असायला हवं, मी ते नाही. पूर्वी यावर मी तावातावाने भांडायचे, की मुलाजवळ बसणं म्हणजे त्याची बाजू घेणं नव्हे. आजही तसंच म्हणते, पण त्या बाबांचं नावसुद्धा मला कधी विचारावंसं वाटलं नाही, हे आठवलं की आवाज खाली येतो.

मग अजून का जातेस? चांगुलपणा म्हणून नाही, तेवढं डोक्यातून काढा. सवय आहे, थोडी हट्टाची बाब आहे. आणि त्या खोलीत प्रत्येक जण मुलाबद्दल काही ना काही लिहीत असतो, मला लिहायचं नसतं. एवढ्याने काही होतं का? त्या 506 जणांची आठवण झाली की, नाही. पत्ते वाटताना, कधीकधी हो.

आता मी अहवाल गाळत नाही. परवा एका नव्या मुलाचा वाचत होते. तसलंच एक वाक्य आलं, याहून वाईट, त्याच्या आईबद्दलचं. मी थांबले, त्याला म्हटलं, पुढचं कठीण आहे, वाचू का? तो ‘वाचा’ म्हणाला. वाचलं. तो उठला, दार ढकलून निघून गेला, आणि अजून परत बसायला आलेला नाही.