पोटॅशियम गेलं कुठे?

हायपोकॅलेमिक पीरियॉडिक पॅरालिसिस, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम उतरून अधूनमधून येणारा लुळेपणा. हे नाव माझ्या फाइलवर लागेपर्यंत माझ्या एका मित्राचं लग्न ठरलं, झालं आणि त्याला मुलगीही झाली. तोवर मला 'ॲसिडिटी', 'व्हिटॅमिन डी कमी', 'कामाचं टेन्शन' आणि एकदा आईला बाजूला घेऊन हळू आवाजात 'मनाचं काहीतरी' अशी निदानं मिळाली. सकाळी हातपाय हलत नाहीत आणि दुपारपर्यंत आपोआप हलायला लागतात, असं ज्यांना होतं किंवा ज्यांच्या घरात कुणाला होतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

झटका कसा असतो ते आधी सांगतो. पहाटे जाग येते ती कूस बदलता येत नाही म्हणून. आधी मांड्या जातात, मग दंड. शुद्ध पूर्ण असते. बोलता येतं, गिळता येतं, श्वास चालू असतो, चादरीचा स्पर्श कळतो. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. पाय उचलायला जावं तर पाय उचलत नाही, एवढंच. अकरावी-बारावीत हे थोडंथोडं व्हायचं आणि आमच्या घरात त्याला आळस म्हणत.

मोठा झटका आला तो मे महिन्यातल्या एका सोमवारी. रविवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो होतो. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, रात्री मावशीकडे आमरस-पुरी. रस किती वाट्या झाला ते विचारू नका, मावशी वाढताना वाटी बघत नाही. सोमवारी पहाटे बाबांनी आणि शेजारच्या काकांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवला. घराजवळच्या एका हॉस्पिटलात 'वीकनेस आहे' म्हणून लगेच ग्लुकोजचं सलाईन लावलं. बाटली अर्धी होईपर्यंत मला उशीवरून मान उचलता येईना. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम २.०. लिटरला ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट हवं असतं. ईसीजीतही एरवी ठळक न दिसणाऱ्या यू लाटा दिसत होत्या. मग सगळ्यांची पळापळ झाली. पोटॅशियम दिलं, दुपारी बोटं हलली, संध्याकाळी मी आपल्या पायांनी घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: पोटॅशियम कमी, केळी आणि शहाळं घ्यावं.

केळी घेतली. झटके येत राहिले. मधल्या काळात रक्त तपासलं की पोटॅशियम व्यवस्थित, ४.२ वगैरे. मग 'त्या दिवशी लॅबचंच काहीतरी चुकलं असेल' असा शेरा. माझ्या मते गाडी इथेच अडली होती. जो तो माझं पोटॅशियम कमी का झालं हे शोधत होता. ते गेलं कुठे, हे कुणी विचारत नव्हतं.

ते विचारलं डेक्कनवरच्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी. त्यांचा पहिला प्रश्न, "आदल्या रात्री काय जेवला होतात?" दुसरा, "घरात आणखी कुणाला होतं का असं?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "मॅडम, मला व्हायचं तरुणपणी. गावाकडे वारं गेलं म्हणायचे. चाळिशीनंतर आपोआप थांबलं." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "अरे, त्यात सांगण्यासारखं काय होतं? थंडीने होतंय असं वाटायचं," हे त्यांचं स्पष्टीकरण. एवढे रिपोर्ट फाइलला लागले आणि सगळ्यात उपयोगी माहिती रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पीत होती.

मॅडमनी सांगितलं, शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रिपोर्टमध्ये दिसतं ते बाहेरच्या उरलेल्या थोडक्याचं प्रमाण. "तुमचं पोटॅशियम शरीरातून गेलेलं नाही, स्नायूंच्या आत गेलंय." पण आधी दोन गोष्टी नाहीत ना, ते बघायचं होतं. आशियाई पुरुषांमध्ये थायरॉइड जास्त काम करत असेल तर हुबेहूब असे झटके येतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी. मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जात असेल तर ते कळायला लघवीतलं पोटॅशियम आणि रक्तातलं बायकार्बोनेट. दोन्ही ठीक निघालं. मग त्या म्हणाल्या, हा आयन चॅनलचा आजार दिसतोय.

माझी मामेबहीण पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत शिकते. तिला फोन केला तर रविवारी घरीच आली, कोरे कागद घेऊन. "दादा, तुझ्या आमरसाचं पुढे काय झालं ते सांगते." तिने सांगितलेलं इथे जरा सविस्तर देतो, कारण हे कळल्यावरच माझ्या खाण्यापिण्याला आणि औषधांना काही अर्थ आला.

पेशीचं आवरण मेदाचं असतं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्यातून जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांचे मार्ग असतात, ते आयन चॅनल. पोटॅशियमच्या चॅनलमधून सेकंदाला कोट्यवधी आयन जातात आणि तरी त्याहून लहान असलेला सोडियम अडतो. हे कसं जमतं ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनलची रचना उलगडून दाखवलं. वाटेतल्या ऑक्सिजन अणूंची मांडणी पोटॅशियमच्या मापाची असते, त्यामुळे तो आपल्याभोवतीचं पाणी सोडून आत शिरतो. सोडियमला ते माप बसत नाही. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. बहिणीला मात्र जास्त प्रेम नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांचं. त्यांनी १९७६ मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचेच्या बारीक नळीचं टोक टेकवून एकेका चॅनलमधून जाणारा प्रवाह मोजला. त्यावर ती तासभर बोलू शकते, आणि बोललीही.

आता आमरस. साखर रक्तात आली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्ये ती जळते आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, वाढतं. एटीपी वाढलं की तिथले पोटॅशियमचे एक खास जातीचे चॅनल बंद होतात. त्यामुळे पेशीचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमचे चॅनल उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. माझी आत्या मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते, ती गोळी हेच पोटॅशियमचे चॅनल बंद करते. इन्सुलिन स्नायूंपर्यंत पोचलं की तिथले सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालतात. प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हे सगळ्यांचंच होतं, मावशीचंही झालं असणार.

फरक पडतो तो पुढे. स्वस्थ बसलेल्या स्नायूपेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्या मानाने सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असतो. पोटॅशियम सावकाश बाहेर झिरपू देणारे चॅनल तो तिथे टिकवून धरतात. माझ्या स्नायूंमधल्या कॅल्शियम चॅनलमध्ये दाब ओळखणारा जो भाग आहे, त्यातलं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. दार बंद असतं, पण बिजागरीपाशी फट राहते. तिथून अगदी थोडे धनभारित कण सतत आत गळतात. एरवी बाहेर जाणारं पोटॅशियम ही गळती भरून काढतं. पण रक्तातलं पोटॅशियम फार उतरलं की ते बाहेर सोडणारे चॅनलही मंदावतात आणि गळती वरचढ होते. दाब उणे ९० वरून उणे ६० च्या आसपास येऊन तिथेच अडकतो. या दाबाला स्नायूंचे सोडियम चॅनल निष्क्रिय होतात आणि दाब परत खाली गेल्याशिवाय उघडत नाहीत. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो, पण स्नायू पेटत नाही. संवेदना शाबूत का राहतात तेही यातून कळतं. नसा ठणठणीत असतात. हृदयाचा कॅल्शियम चॅनल वेगळ्या जनुकातून बनतो, म्हणून त्याला ही फट नाही. रक्तातलं पोटॅशियम उतरल्याचा त्रास मात्र त्यालाही होतोच.

आणि सिंहगड? चढताना राबणाऱ्या स्नायूंमधून पोटॅशियम रक्तात येतं आणि विश्रांती मिळाली की परत आत ओढलं जातं. वरून रस. त्यावर ग्लुकोजचं सलाईन, म्हणजे आणखी इन्सुलिन. मान का उचलेनाशी झाली ते मला त्या कागदावर कळलं.

निदान पक्कं करायला लाँग एक्सरसाइज टेस्ट केली. नावावरून ट्रेडमिल वाटते, पण व्यायाम करायचा असतो करंगळीने. करंगळी बाजूला नेणाऱ्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावतात, मनगटापाशी नसेला विजेचा हलका झटका देतात आणि स्नायूचा प्रतिसाद मोजतात. मग पाच मिनिटं करंगळी जोर लावून ताणायची, मध्येमध्ये काही सेकंद सोडायची. खरी परीक्षा त्यानंतर. हात अजिबात न हलवता पाऊण तासाच्या वर बसायचं आणि ठरावीक वेळाने परत नोंद. सुरुवातीला प्रतिसाद वाढतो, मग उतरत जातो. ४० टक्क्यांहून जास्त उतरला तर टेस्ट पॉझिटिव्ह. माझा निम्म्याखाली गेला. टेक्निशियन म्हणाला, "पुस्तकात असतो तसा ग्राफ आलाय, सर." कौतुक होतं की सांत्वन, कोण जाणे.

जनुकाच्या तपासणीला नुसतं रक्त द्यायचं आणि वाट बघायची. आधी समुपदेशन झालं, ते चुकवू नका. रिपोर्टमध्ये सीएसीएनए१एस या जनुकात, म्हणजे स्नायूंमधला तो कॅल्शियम चॅनल बनवणाऱ्या जनुकात, बदल निघाला. त्यातून बनणाऱ्या १,८७३ अमिनो आम्लांच्या प्रथिनात ५२८व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. बाबांकडेही तोच.

उपचार दिसायला साधे आहेत. झटक्याची चाहूल लागली की पोटॅशियम क्लोराइडचं सिरप पाण्यात मिसळून प्यायचं. चव भयंकर. प्रमाण मी मुद्दाम लिहीत नाही. झटका ओसरला की आत गेलेलं पोटॅशियम परत रक्तात येतं आणि वरून जास्त दिलेलं असेल तर ते हृदयाला धोक्याचं ठरतं, म्हणून हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा. रोजची गोळी ॲसिटाझोलामाइड. तिने बोटांना मुंग्या येतात, मुतखड्याची भीती असते, म्हणून पाणी भरपूर प्यायचं. आणखी एक गंमत म्हणजे सोडा पाणचट लागतो. ही गोळी सगळ्यांना चालत नाही. ज्यांचा दोष सोडियम चॅनलमध्ये असतो त्यांच्यापैकी काहींचे झटके तिने वाढतात, त्यामुळे जनुकाचा रिपोर्ट नुसता फाइलला लावण्यापुरता नसतो. रात्रीचं गोड बंद, भात बेताचा. ट्रेक चालू आहे, पण उतरल्यावर एकदम आडवं व्हायचं नाही, थोडं चालत राहायचं.

पाकिटात मॅडमच्या सहीची चिठ्ठी असते: आजाराचं नाव, ग्लुकोजचं सलाईन नको, पोटॅशियम शक्यतो तोंडाने, ईसीजी लावून ठेवावा, काही तासांनी पोटॅशियम पुन्हा तपासावं. कॅज्युअल्टीत तोंडी सांगितलं की 'गूगल करून आलेला पेशंट' असं तोंड होतं. चिठ्ठी दाखवली की वाचतात.

हा बदल आईवडिलांपैकी एकाकडूनही येतो, म्हणून प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. धाकट्या बहिणीचीही तपासणी केली. तिच्यातही तोच बदल आहे, पण तिला आजवर एकही झटका आलेला नाही. ५२८ च्या बदलात बायकांना तो बऱ्याचदा येतच नाही. आता तिचं बाळंतपण जवळ आलंय. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिने रिपोर्टची प्रत आधीच नेऊन दिली आणि सलाईन कुठलं चालेल, कुठलं नाही, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घेतलं.