मागे घेतलेला घोडा

बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पांढरी मोहरी वाट्याला आली आणि मी पहिली चाल सी४ अशी केली, म्हणजे सी या उभ्या रांगेतले प्यादे चौथ्या ओळीत नेले. १८४३ मध्ये इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टनने फ्रेंच खेळाडू सेंट-अमांविरुद्धच्या लढतीत ही चाल वापरली होती आणि तिचे इंग्लिश ओपनिंग हे नाव त्यावरूनच रूढ झाले. मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्याची घाई न करता बाजूने त्यावर दाब ठेवायचा, ही त्यामागची कल्पना मला मनापासून पटते. प्रतिस्पर्ध्याने ई५ आणि नंतर डी५ खेळून मध्यभाग मोकळा केला, तेव्हा पटावर एक चाल जास्तीची मिळालेला उलटा सिसिलियन, म्हणजे एरवी काळ्याकडून खेळला जाणारा सिसिलियन बचाव पांढऱ्याच्या बाजूने, उभा राहिला.

माझा उंट जी२ वर होता, पण त्याच्या लांब कर्णावर, म्हणजे तिरप्या रेषेवर, माझाच घोडा एफ३ वर उभा होता. दोघांचाही किल्लेकोट (राजा हत्तीच्या आड सुरक्षित नेण्याची चाल) झाल्यावर मी वजिराच्या बाजूची प्यादी पुढे काढली. बाराव्या चालीला बी५ खेळून सी६ वरच्या घोड्याला हुसकावले आणि तो डी४ वर येऊन बसला. दिसायला ते घर फार भक्कम होते.

तेराव्या चालीवर मी बराच वेळ घेतला. शेवटी घोडा एफ३ वरून डी२ वर, म्हणजे मागे घेतला. त्या एका चालीने कर्ण उघडला, जी२ चा उंट थेट बी७ च्या प्याद्यावर रोखला गेला आणि ई३ खेळून डी४ चा घोडा हाकलण्याची धमकीही उभी राहिली. मोहरे मागे नेणे म्हणजे माघार, हा समज मी कित्येक वर्षे बाळगला होता.

प्रतिस्पर्ध्याने सी६ खेळून कर्ण बंद करायचा प्रयत्न केला. बी-प्याद्याने सी६ मारले, त्याने बी-प्याद्यानेच परत घेतले. मग ई३ येताच घोड्याला एफ५ वर जावे लागले, सी६ चा आधार गेला आणि सोळाव्या चालीला ते प्यादे माझ्या उंटाने उचलले. पुढचा डाव लांबला, पण ते जास्तीचे प्यादे हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या अखेरच्या टप्प्यात, शेवटपर्यंत टिकले आणि मी जिंकलो.

डाव संपल्यावर आम्ही माझ्या तेराव्या चालीनंतरची स्थिती पुन्हा मांडली. या वेळी त्याने सी६ ऐवजी स्वतःचा उंट ई६ वरून डी५ वर ठेवून उंटांची अदलाबदल मागितली. कर्ण तिथेच अडला आणि अर्धा तास शोधूनही मला पुढे काही विशेष सापडले नाही.