रुजू व्हायला आलेला मुलगा

सोमवारी सकाळी साडेनऊला गेटवरून फोन आला. "मॅडम, एकजण जॉइनिंगला आलाय. लेटरवर तुमची सही आहे." माझ्या यादीत त्या दिवशी कुणाचंच जॉइनिंग नव्हतं. बारा वर्षं भरतीचं काम करतेय. तारखेचा घोळ झाला असेल म्हणून खाली गेले.

हिंजवडीतलं आमचं रिसेप्शन म्हणजे काचेचा डबा. सोफ्याच्या अगदी कडेला मुलगा बसला होता, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. शेजारी वडील, पायाशी वळकटी. रात्रीच्या एसटीने लातूरकडून आलेले. गावात पिठाची गिरणी, ती आज बंद ठेवलेली. "पोरगं तुमच्या हवाली करून दुपारच्या गाडीनं निघतो, मॅडम," वडील म्हणाले.

लेटर हातात घेतलं. लोगो आमचा, पत्ता आमचा, खाली माझं नाव. सही मात्र माझ्या सहीपेक्षा कितीतरी वळणदार. पगार साडेसहा लाख. फ्रेशरला आम्ही एवढा देत नाही. मेलचा पत्ता आमच्यासारखाच, फक्त मध्ये एक आडवी रेघ आणि पुढे 'करिअर्स'. आयटीतल्या सहकाऱ्याने हूइजवर, म्हणजे वेबपत्ता कधी नोंदवला ते दाखवणाऱ्या यादीत, पाहिलं, तर ते डोमेन (मेलमधल्या @ नंतरचा पत्ता) घेऊन जेमतेम 19 दिवस झाले होते.

मुलाने मोबाइल पुढे केला. लिंक्डइनवर 'मी'! फोटो ऑफिसच्या दिवाळीतला. शेजारची मैत्रीण कापून टाकलेली, तिची बोटं तेवढी माझ्या खांद्यावर राहिलेली. तीन टिंबांवर दाबून 'अबाउट धिस प्रोफाइल' उघडलं. खातं त्याच महिन्यात सुरू झालेलं.

मुलाच्या स्वतःच्या लिंक्डइन फोटोभोवती 'ओपन टू वर्क'चं, म्हणजे 'नोकरी शोधतोय'चं, हिरवं कडं होतं, त्यावरूनच त्यांनी हेरला असणार. तिसऱ्याच मेसेजला 'बाकीचं टेलिग्रामवर बोलू'. मुलाखतही तिथेच, टाइप करून. कॅमेरा नाही, आवाज नाही. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे 2,500 आणि लॅपटॉपचं डिपॉझिट 14,000, 'पहिल्या पगारात परत'. दोन्ही यूपीआयने, दोन वेगळ्या माणसांच्या नावावर. कंपनीचं खातं का नाही, हे त्याने विचारलं होतं बरं का. उत्तर आलं, 'ते आमचे व्हेंडर आहेत.' व्हेंडर म्हणजे बाहेरून काम करून देणारे; हा शब्द आम्ही दिवसातून पन्नासदा वापरतो. मीसुद्धा फसले असते.

"तुम्ही पाच मिनिटांत रिप्लाय द्यायच्या, मॅडम. रात्री अकरालासुद्धा." मी सगळं सांगून झाल्यावरही तो 'तुम्ही'च म्हणत होता.

वडील ओरडले नाहीत. "म्हणजे ही सही तुमची नाही?" एवढंच दोनदा विचारलं.

1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडून बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. मुलगा आकडे वाचताना दोनदा चुकला. लॅपटॉपचे पैसे शनिवारी रात्री गेले होते. तासाभरात कळवलं असतं तर ते पुढच्या खात्यात गोठवता आले असते. आता दीड दिवस उलटला होता आणि असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. तक्रारीचा नंबर एसएमएसने आला. सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर जोडायला चॅटचे स्क्रीनशॉट हवे होते, आणि हा लाजेने सगळं चॅट डिलीट करायला निघाला होता. फोन मी जवळजवळ हिसकावूनच घेतला.

तेवढ्यात तो माझ्या हातात वाजला. "मॅडमचा मेसेज," तो सवयीने बोलून गेला. खोट्या मला जॉइनिंग किटचे आणखी 1,800 हवे होते. समोर बसलेल्या खऱ्या मला काय बोलावं तेच सुचेना. त्याचाही स्क्रीनशॉट काढला आणि मग ते प्रोफाइल रिपोर्ट केलं.

कँटीनमध्ये दोघांना जेवू घातलं. वळकटी ज्या खांद्यावरून आली त्याच खांद्यावरून परत गेली.

संध्याकाळी सहज आमच्या सिस्टीममध्ये त्याचं नाव टाकलं. सापडलं. दोन महिन्यांपूर्वी आमच्याच वेबसाइटवरून त्याने अर्ज केला होता. शेरा: 'अंडर रिव्ह्यू'. कुणी उघडलासुद्धा नव्हता. तो विभाग माझ्याकडेच आहे.

उघडला, वाचला. मुलगा परीक्षेला बोलावण्याजोगा होता. रात्री नऊ वाजता त्याला मेल लिहिला. परीक्षेची तारीख दिली आणि एक रुपयाही लागणार नाही हे दोनदा लिहिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मॅडम, राग मानू नका. पण हे तुम्हीच का? व्हिडिओ कॉल करता का?'