स्टेम स्टेम म्हणजे नक्की काय, आमच्या स्टाफरूममधून

स्टेमचं, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित एकत्र जोडून शिकवायचं, ट्रेनिंग झालं की स्टाफरूममध्ये दोन गट पडतातच. तरुण सर-मॅडम एकदम चार्ज होऊन येतात आणि सीनियर लोक चहा पीत म्हणतात, आधी पोर्शन पुरा करा मग रोबो बनवा! मला दोघांचंही पटतं खरंतर. दहावीला विज्ञान भाग १ आणि २ चे ४०-४० मार्क लेखी, प्रॅक्टिकलला २०, मग पालक काय विचारणार सांगा?

२०१६ पासून शाळांमध्ये केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब (पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा) आल्या, २० लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सगळं भारी आहे. पण ज्या शाळेत लॅब असिस्टंटच नाही तिथे ते कपाटातच राहतं, कारण काही मोडलं तर भरून कोण देणार ही भीती 😅

माझं मत विचाराल तर महागडं किट नसलं तरी चालतं. नववीचं धाराविद्युत घ्या, सेल वाढवत जा, व्होल्टेज नि करंट मोजा, पोरांनाच आलेख काढू दे, रेषा सरळ का येते यावर गणिताच्या मॅडमना वर्गात बोलवा, झालं की स्टेम! पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून किती वर्षं हेच दाखवलं. अडचण एकच, मॅडमचा आणि माझा तास एकत्र यायला टाइमटेबल बदलावं लागतं आणि ते करणारे सर आमच्यावर आधीच वैतागलेत.